दादा, स्विच मी बंद केला नव्हता

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांग म्हणून वेगळा घालत नाही, कारण गेले कित्येक दिवस मी टेबलाखाली वायरी चाचपत पालथाच पडलेलो आहे, आणि त्या अवस्थेत माझं डोकं बहुतेक तुझ्याच गावाच्या दिशेला होतं. ते सगळे नमस्कार एकदम पोचले असं समज. इकडे सर्व क्षेम आहे. आईचा गुडघा बरा आहे (म्हणजे दुखतो, पण ती सांगत नाही; आपल्या घरात त्यालाच बरा म्हणतात). हिची तब्येत ठणठणीत, आवाजावरून तरी तसं वाटतं. माझी कंबर सोडली तर मीही ठीक आहे. तुझ्या पाठीचं काय झालं? मागच्या वेळी डॉक्टरकडे जा म्हटलं तर तू 'बघू' म्हणालास. बाबाही असंच 'बघू' म्हणायचे, म्हणून पुन्हा विचारतो. उत्तरात 'बघू' लिहू नये.

आता पत्र कशाला, फोन का नाही, असं तू म्हणशील. एक तर रविवारी तू फोन आपटलास. (हल्लीचे फोन आपटता येत नाहीत हे मला माहीत आहे, पण तू आपटलास. मला इथे ऐकू आलं.) त्यावर तुझा मेसेज आला की तू अजून सुधारला नाहीस, पुढच्या रविवारपासून मला वेळ नाही. अशा मेसेजला मेसेजने उत्तर दिलं की तू खाली एक अंगठा पाठवतोस आणि विषय संपतो. दुसरं म्हणजे मला जे सांगायचंय ते आईच्या कानावर जाता कामा नये. आमच्या घरात गुप्त बोलायचं तर फोन घेऊन गच्चीवर जावं लागतं, आणि मी फोन घेऊन गच्चीवर निघालो की सगळ्या घराला कळतं की काहीतरी गुप्त आहे. म्हणून ऑफिसात बसून लिहितोय. तुला माहीतच आहे, मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार-खिडकीवर असतो. समोर एक बाई उभ्या आहेत. त्यांच्या नळाला पाणी येत नाही. मी एवढं भराभरा लिहितोय म्हणजे त्यांचीच तक्रार लिहून घेतोय असा त्यांचा समज झालाय, आणि त्या मधूनमधून 'हेही लिहा हं' म्हणून नवे मुद्दे सांगतायत. बाई फार सज्जन आहेत.

मुद्द्याचं आधी लिहितो, कारण तू पत्रं शेवटपर्यंत वाचत नाहीस. दादा, स्विच मी बंद केला नव्हता. परवाच्या रविवारी नाही, त्याच्या आधीच्या नाही आणि त्याच्याही आधीच्या नाही. तिन्ही वेळा मी हरत होतो, हे खरं. तिन्ही वेळा तुझे रणगाडे माझ्या किल्ल्याच्या दारात येऊन ठेपले असताना माझा कॉम्प्युटर खट्कन बंद पडला, हेही खरं. पण त्यावरून तू जो निष्कर्ष काढलास तो पुराव्यावरून नाही, स्वतःच्या अनुभवावरून काढलास. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

आपला जुना कॉम्प्युटर आठव. बाबांच्या ऑफिसने टाकून दिला आणि बाबांनी उचलून आणला. मॉनिटर इतका जड की बाबा आणि शेजारचे काका दोघांनी मिळून तो जिना चढवला आणि मग दोघेही संध्याकाळपर्यंत जमिनीवर आडवे होते. (काकू येऊन काकांना घेऊन गेल्या तेव्हा त्यांनी आपल्या आईकडे ज्या नजरेने पाहिलं, ती पुढे बरीच वर्षं टिकली.) कीबोर्ड एकच. उजवीकडचे बाण तुझे, डावीकडची अक्षरं माझी, आणि मधल्या स्पेसबारवरून जी लढाई व्हायची तिच्यापुढे पडद्यावरची लढाई म्हणजे किस झाड की पत्ती. तुझं कोपर कायम माझ्या बरगडीत. रविवारी आंघोळ उरकली की सुरू आणि आईने जेवायला हाक मारली की बंद, म्हणजे तिसरी हाक; पहिल्या दोन आपण धरत नव्हतो. पडद्यावर काय तर हिरव्या मैदानावर दोन चौकोन, आणि त्यांच्यातून निघणारे ठिपके. तुझा चौकोन तांबडा, माझा पिवळा. पण मला आजही कोणी पिवळा चौकोन दाखवला तर छाती भरून येते.

बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे राहायचे. त्यांना त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. कोण हरतंय, एवढंच विचारायचे आणि जो हरत असेल त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहायचे. मी लहान, त्यामुळे ते बहुतेक माझ्याच मागे असत; चहाचा वास आला की समजायचं, आपलं काही खरं नाही. पण कधीमधी ते तुझ्या मागे जाऊन उभे राहिले, की टेबलाखाली तुझा पाय लांब व्हायचा आणि भिंतीवरचा स्विच खट्. वर तोंड करून तू म्हणायचास, लाइट गेली वाटतं. डोक्यावर पंखा गरगरत असायचा! मी जीव तोडून सांगायचो, कोणी ऐकायचं नाही. बाबा बिचारे कप ठेवून स्क्रू ड्रायव्हर आणायचे आणि बोर्ड उघडून बसायचे. तुझ्या पायापायी त्यांनी तो बोर्ड इतक्या वेळा बदलला की सामान विकणाऱ्याने त्यांना एकदा विचारलं होतं, साहेब, तुम्ही हे काम शिकताय का? बाबा घरी येऊन ते सांगून स्वतःच हसत होते. तू मात्र हसला नव्हतास, हे मी बघितलं होतं.

असो. जुनं उगाळत बसायचा माझा स्वभाव नाही. (बाई म्हणतायत, मागच्या वर्षीची तक्रारही जोडून घ्या. घेतो म्हटलं.)

हा नवा कॉम्प्युटर मी का घेतला, ते एकदा तुला नीट सांगायला हवं. बाबा गेल्यापासून तू आणि मी फोनवर काय बोलतो? बरं आहे ना. बरं आहे. आई? बरी आहे. ठेवू? ठेव. दोन अनोळखी माणसं लिफ्टमध्येसुद्धा याहून जास्त बोलतात. तू तिकडे एकटा, मी इकडे गोतावळ्यात, पण दोघांचीही वाचा सारखीच बसलेली. त्यात तू एक दिवस कळवलंस की तू खेळासाठी कॉम्प्युटर घेतलायस, रणगाड्यांचा नवा खेळ आलाय, लांब बसून दोघांना खेळता येतो, तूही घे. तो मेसेज मी जिन्यात उभ्या उभ्या वाचला आणि दादा, खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. घरात नवीन सोफा घ्यायचा ठरला होता. त्याऐवजी कॉम्प्युटर आला. आता पाहुणे आले की ही त्यांना सांगते, बसायला जागा नाही, पण तो बघा, दिवे किती छान लागतात.

कॉम्प्युटर मी स्वतः जोडला. ज्या दुकानातून सुटे भाग घेतले तो दुकानदार (त्याला पुढे जोडणीवाला म्हणतो) जोडून देतो म्हणाला होता, पण मी कोणाचा मुलगा! टेबलावर चादर अंथरून, व्हिडिओ बघत, थांबवत, पुन्हा बघत मी तो उभा केला. एका बाजूला काच आहे, आत पंखे आहेत, आणि पंख्यांना लाल, निळे, जांभळे दिवे आहेत. ते बंद कसे करायचे हे अजून सापडलं नाही. पहिल्यांदा बटण दाबलं आणि तो सुरू झाला तेव्हा मी मागे वळून पाहिलं. कशासाठी ते तुला कळेल. मागे कोणी नव्हतं. म्हणजे आई होती, दारात. ती आत आली, तिने सगळ्या बाजूंनी त्याच्याकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला: ह्याला कव्हर नाही?

तुला ठाऊकच आहे, बाबा गेल्यावर आईने शिवणाचं मशीन बंद करून त्यावर कव्हर घातलं, कव्हरवर घडीचे कपडे ठेवायला सुरुवात केली, आणि मशीन त्या कपड्यांखाली दिसेनासं झालं. तिने कधी बोलून दाखवलं नाही. पण माप घेताना टेपचं दुसरं टोक नेहमी बाबा धरायचे, आणि ते धरताना ती ज्या तऱ्हेने त्यांच्यावर ओरडायची (सरळ धरा, मान कुठे आहे, टेप कुठे आहे), तसं ती नंतर कोणावरच ओरडली नाही. त्या दिवशी तिने घडीचे कपडे उचलून पलंगावर ठेवले, मशीनला तेल दिलं आणि मला हाक मारली, टोक धर. मी धरलं. सरळ धर, म्हणून ओरडली. दुपारभर घरात मशीनचा आवाज होता. हिने टीव्ही बंद केला आणि आम्ही दोघं तो आवाज ऐकत बसलो. संध्याकाळी कव्हर तयार. जुन्या खोलीतल्या निळ्या पडद्याचं उरलेलं कापड, कडेने पांढरी पट्टी, आणि एका बाजूला काच म्हणून आतून जुन्या पांघरुणाचं जाडजूड अस्तर. पुढे पडदा, त्याला बटणं. टीव्हीच्या कव्हरसारखंच: वापरायचा असेल तेव्हा पुढचा पडदा उचलून वर टाकायचा, काम झालं की खाली सोडायचा.

तुला एव्हाना सगळं कळलं असेल आणि तू हसत असशील. हसू नकोस. तूही त्याच घरात वाढलास जिथे रेडिओला कव्हर होतं, मिक्सरला होतं, रिमोटला होतं, आणि चांगलं कव्हर मळू नये म्हणून त्याच्यावर आणखी एक जुनं कव्हर होतं. तू परवा-परवापर्यंत सुटकेस कव्हरसकट घेऊन हिंडत होतास. आपल्याला कव्हर ही वेगळी वस्तू आहे असं वाटतच नाही. वस्तूला जसा रंग असतो तसं कव्हर असतं. त्यामुळे पहिल्या रविवारी तुझे रणगाडे आले, माझा कॉम्प्युटर तापला आणि बंद पडला, तेव्हा जगातल्या सगळ्या गोष्टींचा मला संशय आला, फक्त त्या निळ्या कापडाचा आला नाही.

लगेच तुझा फोन. माझे दोन्ही हात वायरींत, म्हणून मी तो स्पीकरवर टाकला. तू स्विचपासून सुरुवात करून माझ्या दहावीच्या मार्कांपर्यंत गेलास, मी तुझ्या पायावरून तुझ्या पहिल्या स्कूटरपर्यंत आलो. तुझा निळा कप मी फोडला नव्हता, मांजरीने फोडला होता, हे मी या निमित्ताने पुन्हा स्पष्ट केलं आणि तू पुन्हा मानलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी जोडणीवाल्याला फोन केला. मी रोज लोकांना 'तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे' असं सांगतो, त्यामुळे समोरचा माणूस मला टोलवतोय हे मला पहिल्या वाक्यात कळतं. तो म्हणाला, रॅम काढून, खोडरबराने पुसून परत लावा. हे आमच्याकडे 'नळ एकदा पूर्ण उघडून बंद करून बघा' म्हणतात तेच. तरी केलं. पंखे पुसले, वायरी काढून घातल्या, आणि या सगळ्यासाठी अर्थातच आधी कव्हर काढून, घडी करून पलंगावर ठेवलं. कॉम्प्युटर उत्तम चालला. रविवारी आईने आठवणीने कव्हर घातलं, तू आलास, मी हरायला लागलो आणि खट्. फोन. भांडण. या वेळी विषय बाबांचं घड्याळ कोणी घ्यायचं हा होता. (ते तूच घे, असं मी म्हणत होतो आणि तूही तूच घे म्हणत होतास, तरी भांडण कसं झालं हे मला अजून समजलेलं नाही.)

मग मी तो डबा दुकानात नेला. टॅक्सीत मांडीवर घेऊन, वरून पट्टा लावून. कव्हर अर्थातच घरी, दुकानात मळेल म्हणून. जोडणीवाल्याने सगळी दुपार त्यावर मोठमोठे खेळ चालवले. मशीनने हूं का चूं केलं नाही. तो माझ्याकडे असा बघायला लागला की आता मला गोळ्या लिहून देतो की काय. म्हणाला, तुमच्या घरच्या वायरिंगमध्ये दोष आहे. म्हणून वायरमन आणला. त्याने टेबलामागचा बोर्ड उघडला आणि प्रत्येक वायरमन विचारतो तेच विचारलं: हे आधी कोणत्या गाढवाने केलंय? तो बोर्ड मी लावला होता. ही दारातच उभी होती. तिने काही सांगितलं नाही, पण ती नुसतं हसून थांबली नाही, आत जाऊन बहिणीला फोन करून हसली. वायरमन आला तेव्हाही आईने कव्हर काढून आत नेलं होतं, त्यांचे हात काळे असतात म्हणून. त्याने नवा बोर्ड लावला, मशीन चालवून पाहिलं, चाललं. तो गेल्यावर आईने कव्हर घातलं. संध्याकाळी बंद. जोडणीवाला म्हणाला, मग पॉवर सप्लाय बदला. बदलला. ही म्हणाली, दमत असेल तो. तेव्हा मी तिच्यावर खेकसलो होतो. सगळ्या तज्ज्ञांत तिचंच उत्तर सर्वांत जवळचं होतं, हे मी तिला सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस.

शनिवारी कव्हर धुवायला गेलं. दिवसभर मी खेळलो आणि मशीन चाललं. मी नव्या पॉवर सप्लायचा जयजयकार केला आणि तुला तो उद्दाम मेसेज पाठवला, की उद्या रुमाल घेऊन बस. रविवारी आईने धुतलेलं, इस्त्री केलेलं कव्हर घातलं. पुढचं तुला माहीत आहे. तू फोन आपटलास, मेसेज आला, आणि मी काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो. तेव्हा मला वास आला. कापड तापल्याचा. इस्त्री जरा जास्त वेळ टेकली की येतो तो. आणि दादा, तो वास माझ्या ओळखीचा होता. आपला जुना कॉम्प्युटर दुपारपर्यंत तापला की त्याच्या कव्हरला हाच वास यायचा. मी निळ्या कापडावर हात ठेवला. ऊन होतं. काय बिघडलं होतं ते मला त्या क्षणी कळलं, पण मी हात काढला नाही. तू शेजारी आहेस असं वाटत होतं, कोपरासकट. आईची तिसरी हाक यायची आहे आणि मागे चहाचा वास येणार आहे, असं वाटत होतं.

आता माझी पंचाईत समजून घे. आईला सांगितलं की तुझ्या कव्हराने कॉम्प्युटर गुदमरतो, तर ती एक शब्द बोलणार नाही. कव्हर काढेल, घडी करेल, शिवणाच्या मशीनवर घडीचे कपडे पुन्हा चढतील आणि यापुढे ती कोणाला टोक धर म्हणणार नाही. आत्ता कुठे तिने हिच्यासाठी पिशवी शिवायला घेतली आहे. परवा बॉबिन अडकलं म्हणून मशीनला चक्क शिव्या घातल्या. ते ऐकायला आम्हाला किती बरं वाटलं, तुला सांगता येत नाही. तेव्हा सांगायचं नाही हे ठरलं. मी गुपचूप कव्हर काढून बघितलं. ती पाण्याचा तांब्या घेऊन येते, 'उघडं कशाला ठेवलंस, धूळ बसते' म्हणते आणि घालून जाते. मागचं अस्तर खाली सरकवून बघितलं. येऊन सारखं करून जाते. कानावर हेडफोन असल्यामुळे ती कधी आली-गेली हेसुद्धा मला कळत नाही. (हे हेडफोनचंही मला पटत नाही. तोंडासमोर माइक आहे, तुझ्याही आहे, पण सबंध तासात आपण 'डावीकडे' याशिवाय एक शब्द बोलत नाही.)

शेवटी मी वेगळाच उपाय केला. खेळाच्या आत जाऊन चित्रं जेवढी साधी करता येतील तेवढी केली. सावल्या बंद, धूर बंद, पाण्याच्या लाटा बंद. मशीनला काही कामच उरलं नाही, म्हणून ते तापत नाही, आणि कव्हर घालूनही चालतं. झाडं विटांसारखी दिसतात, ढग खोक्यांसारखे, आणि रणगाडे म्हणशील तर जवळजवळ चौकोनच. सोफा गमावून घेतलेल्या मशीनवर मी बाबांच्या ऑफिसने टाकून दिलेला खेळ खेळतोय! पण तुला सांगतो, इतकी मजा मला एवढ्या दिवसांत आली नव्हती. माझा रणगाडा पिवळा केलाय. तुझा तांबडा करता येतो, मी पाहून ठेवलंय.

तेव्हा तुझा मेसेज मागे घ्यावा, माझ्यावरचा आरोप बिनशर्त रद्द करावा, आणि जुन्या बोर्डाविषयी बाबांच्या तसबिरीसमोर उभं राहून दोन शब्द बोलावेत, ही विनंती. कळावे, लोभ असू द्यावा. नसेल तर जुना वापरावा.

तुझा,
हरत असताही स्विचला न शिवणारा धाकटा भाऊ

ता. क. बाईंना मी शेवटी खरंच तक्रार लिहून दिली. त्यांनी 'एवढं मन लावून कोणी ऐकत नाही हो' असं म्हटलं, त्यामुळे दुपारचं जेवण गोड लागलं नाही. उद्या स्वतः जाऊन नळ बघून येणार आहे.

ता. क. २. खरं काम लिहायचं राहिलंच. मेसेज मागे नाही घेतलास तरी चालेल. आरोपही राहू दे. मीच स्विच बंद केला असं पाहिजे तर समज. पण रविवारी ये. मला रविवारी सकाळी करमत नाही, दादा.

ता. क. ३. आईने तुझ्या कॉम्प्युटरचं माप मागितलंय. उंची, रुंदी, खोली, आणि काच कोणत्या बाजूला ते कळव. कव्हर आलं की फार आवडलं म्हण, फोटो काढून पाठव आणि कपाटात ठेव. घरी येऊन पाकीट बंद करतोय. तुझा नवा पत्ता आईलाच पाठ आहे, म्हणून पाकीट तिच्याकडे देतो.

चि. मोठ्यास अनेक आशीर्वाद. ह्याने पाकीट माझ्याकडे पत्ता लिहायला दिलं. ते नीट चिकटलेलं नव्हतं, म्हणून वाचलं. कापडाखाली ऊब धरते हे मला तुम्ही सांगायला नको, तुम्हा दोघांना मीच गुंडाळून वाढवलंय. पहिल्या खेपेला तो डबा बंद पडला तो माझ्या हातून, नकळत. पण लगेच तुझा फोन आला आणि तुम्ही दोघं अर्धा तास भांडलात. तुझे बाबा गेल्यापासून तुझा एवढा आवाज ह्या घरात मी ऐकला नव्हता. डबा चालू असला की हा कानाला ते लावून नुसता बटणं बडवतो, घरात कोणी आहे असं वाटत नाही. म्हणून पुढच्या दोन्ही रविवारी कव्हर मी मुद्दाम घातलं. परवा तू फोन बंद केलास तेव्हा मात्र जरा जास्तच झालं असं वाटलं. आता हा म्हणतो खेळ साधा केलाय, बंद पडणार नाही. मग खेळा सुखाने. कव्हर मी काढून ठेवलंय आणि मला त्याचं काही वाईट वाटलेलं नाही, पिशवी अर्धी झालीये. पण खेळून झाल्यावर फोन करत जा. भांडायला काही नसलं तर मी काढून देईन. आणि मोठ्याने बोल, मी स्वयंपाकघरात असते.